वसईचा संत, नागासाकीची टेकडी: ओउरा चर्चला पहिल्यांदा जाताना

वसईत वाढलेल्या माणसाला गोन्सालो गार्सिया हे नाव वेगळं शिकवावं लागत नाही. चर्चला तेच नाव, कॉलेजला तेच, आणि किल्ल्यातल्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पडक्या चर्चलाही लोक त्याच नावाने ओळखतात. तो जपानमध्ये क्रुसावर मेला, एवढं आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण जपानमध्ये म्हणजे नेमकं कुठे, हे मी चाळिशी ओलांडेपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. आईला घेऊन नागासाकीला जायचं ठरलं तेव्हा शोधाशोध सुरू झाली. माहिती भरपूर मिळाली, पण सगळी तुकड्यातुकड्यांत. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही चुकीच्या कॅथेड्रलच्या दारात जाऊन उभे राहिलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी तीन जागा वेगळ्या करा

नकाशात नुसतं ‘नागासाकी कॅथेड्रल’ असं शोधाल तर आमच्यासारखीच फसगत होईल. संबंध येतो तो तीन जागांशी.

निशिझाका: प्रत्यक्ष क्रूस उभे केले गेले ती टेकडी. रेल्वे स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं. इथे स्मारक आणि संग्रहालय आहे.

ओउरा: गोन्सालोसह तिथे मारल्या गेलेल्या सव्वीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं जुनं चर्च. जपानी नाव ओउरा तेन्शुदो. शहराच्या दक्षिण टोकाला, बंदराच्या वरच्या चढावर. हा लेख मुख्यतः याच चर्चबद्दल आहे.

उराकामी: शहराच्या उत्तरेला असलेलं विटांचं मोठं कॅथेड्रल. आज आर्चबिशपांचं आसन इथे आहे. ९ ऑगस्ट १९४५च्या अणुबॉम्बने ते उद्ध्वस्त झालं आणि १९५९ साली पुन्हा उभं राहिलं. आम्ही पोहोचलो ते इथे.

गोंधळाचं कारण असं की ओउरा हेही एके काळी कॅथेड्रलच होतं. १९६२ साली बिशपांचं आसन उराकामीला गेलं, पण पाट्यांवर आणि पुस्तिकांत ‘ओउरा कॅथेड्रल’ हे नाव टिकून राहिलं. २०१६ साली त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणारा मानाचा दर्जा मिळाला. टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलात विचारताना ‘कॅथेड्रल’ हा शब्द वापरूच नका. ‘ओउरा तेन्शुदो’ म्हणा. तेन्शुदो म्हणजे स्वर्गाच्या स्वामीचं मंदिर, आणि चर्चच्या दर्शनी भिंतीवरही हीच अक्षरं आहेत.

२. निघण्याआधी एवढी गोष्ट माहीत हवी

ती माहीत नसेल तर ओउरा हे एक सुंदर पांढरं चर्च आहे, याहून जास्त काही हाती लागणार नाही.

गोन्सालोचा जन्म १५५६च्या सुमाराचा, वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकला आणि पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी काही उचलली की पुढे तीच त्याची ओळख झाली. मधल्या काळात व्यापार केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात दाखल झाला. तो फादर नव्हता, ब्रदर होता, म्हणजे संघातला पण धर्मगुरूची दीक्षा न घेतलेला. वसईतही ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १५९३ साली फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो दुभाषा म्हणून जपानला परतला.

१५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यावरून जो वाद पेटला त्यात सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने धर्मप्रसारकांना पकडण्याचा हुकूम काढला. क्योतो आणि ओसाकात धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांवर बसवून शहरातून धिंड काढली आणि मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे चालवत नेलं. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात टाकलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यांतले वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता.

या सव्वीस जणांना ८ जून १८६२ रोजी संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत तो गोन्सालोच. त्यानंतर तीनच वर्षांत ओउराचं चर्च उभं राहिलं, ते त्यांच्याच नावाने.

३. तारीख ठरवताना

मनात पहिली येते ती ५ फेब्रुवारी. त्या सुमाराच्या रविवारी निशिझाकाला उघड्यावर मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) होते. थंडी चांगलीच असते आणि समुद्राकडून वारा येतो, त्यामुळे वयस्क माणसं बरोबर असतील तर नीट विचार करा. दुसरी अडचण फारशी कुणी सांगत नाही. चिनी नववर्षाला नागासाकीत कंदिलांचा मोठा उत्सव सुरू होतो, तो दोन आठवडे चालतो आणि बहुतेकदा फेब्रुवारीतच येतो. त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो. फेब्रुवारीतच जायचं असेल तर बुकिंग महिनेच्या महिने आधी करा.

जून-जुलैत तिकडेही पावसाळा असतो आणि त्यानंतर वादळांचा काळ. आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. एप्रिल उत्तम, ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगला.

४. कागदपत्रं आणि बरोबर न्यायच्या गोष्टी

व्हिसा लागतोच. अर्ज दूतावासात थेट देत नाहीत, नेमलेल्या केंद्रातून किंवा ऑनलाइन करतात. नियम बदलत असतात, म्हणून यादी अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. साधारण हे लागतं:

– पासपोर्ट आणि भरलेला अर्ज
– फोटो (माप अर्जात वाचा, मगच स्टुडिओत जा)
– विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग
– बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र
– रोजचा कार्यक्रम, तारीखवार

या शेवटच्या कागदाला हलकं समजू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात नागासाकीच्या तीनही दिवसांपुढे नुसतं ‘दर्शन’ लिहिलं होतं. कोणत्या दिवशी काय पाहणार आणि रात्री कुठे राहणार, हे हॉटेलच्या बुकिंगशी जुळलं पाहिजे.

विमानात बसण्याआधी ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा, विमानतळावर वेळ वाचतो. सामानात पायाला सवयीचे बूट हवेत, कारण नागासाकी म्हणजे चढ आणि पायऱ्यांचं शहर. नाण्यांसाठी एक छोटं पाकीट ठेवा, आणि छत्री. इंटरनेटचं सिम किंवा ई-सिम इथूनच घेतलेलं बरं.

५. नागासाकीला पोहोचणं

मुंबईहून थेट विमान नाही. तोक्यो, ओसाका किंवा फुकुओका गाठायचं आणि तिथून पुढे जायचं. नागासाकीचा विमानतळ ओमुरा गावात आहे. तिथून शहरात यायला बसने पाऊण तास लागतो.

आम्ही फुकुओकाहून रेल्वेने गेलो आणि तोच रस्ता सुचवेन. फुकुओकाचं मुख्य स्टेशन हाकाता या नावाने ओळखलं जातं, हे लक्षात ठेवा. हाकाताहून ‘रिले कामोमे’ पकडायची. ताकेओ-ओन्सेनला उतरलं की त्याच फलाटावर समोर ‘कामोमे’ शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) उभी असते, ती थेट नागासाकीला नेते. सगळा प्रवास दीड तासाच्या आसपास. हा शिंकान्सेन मार्ग सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झाला, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतलं वेळापत्रक विसरा. तिकीट एकदमच काढता येतं. गाडी बदलायला मिळणारा वेळ मात्र मोजकाच असतो. ताकेओ-ओन्सेनची घोषणा झाली की बॅगा हातात घेऊन दाराशी उभे राहा. आई खिडकीतली शेतं बघण्यात रमली होती आणि आमची शेवटची पिशवी जेमतेम उतरली.

६. पहिल्यांदा निशिझाका, मग ओउरा

माझा आग्रह असा की हा क्रम उलटा करू नका. बरेच पर्यटक ओउरा बघतात, शेजारचं ग्लोव्हर गार्डन बघतात आणि वेळ उरला तर स्टेशनवर परतताना निशिझाका. पण ओउराचं तोंडच निशिझाकाकडे ठेवलेलं आहे. बांधणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं केलं. आज मध्ये इमारती आल्यात, त्यामुळे चर्चच्या दारातून टेकडी दिसत नाही. आपण आधी टेकडीवर उभे राहून आलेलो असलो की दिशा मनात असते.

स्टेशनबाहेर पडून मोठा रस्ता ओलांडा आणि चढाला लागा. त्या काळी ही टेकडी थेट समुद्रात घुसलेली होती. पुढे भर घालून जमीन वाढवली आणि आज खाली स्टेशन आहे. वर पोहोचलात की लांबलचक दगडी भिंतीवर ब्राँझमध्ये घडवलेले सव्वीस जण एका रांगेत दिसतात. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, वास्तुरचना इमाई केंजी यांची, आणि उद्घाटन १९६२ सालचं, म्हणजे संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. रांगेत तीन आकृत्या बाकीच्यांपेक्षा ठेंगण्या आहेत. ती तीन मुलं. सगळ्यांचे पाय जमिनीपासून सुटलेले आहेत, बोटं खाली झुकलेली. आई बराच वेळ त्या पायांकडेच बघत होती.

मागचं संग्रहालय चुकवू नका. मी गेलो तेव्हा तिकीट ५०० येन होतं. ‘युकी नो सांता मारिया’ म्हणजे हिमाची मारिया हे जपानी हाताने रंगवलेलं चित्र तिथे आहे. लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत मिहारा किल्ल्यातून आईला निरोपाचं पत्र लिहिलं होतं, त्याची हकीकत जरूर वाचा. तास-दीड तास हाताशी ठेवा.

गोन्सालोचं नाव तिथे ‘गोंझारो गारुशिया’ असं ऐकू येईल. जपानीत ‘ल’ नाही. पहिल्यांदा ऐकल्यावर मला तो दुसराच कुणी वाटला.

७. ट्रामने ओउराला

नागासाकीची ट्राम स्वस्त आहे, भाडं कितीही अंतराला एकच, दीडशे येनच्या आसपास. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे.

स्टेशनसमोरून निळ्या रंगाची एक नंबरची ट्राम घ्या, सोफुकुजीकडे जाणारी. शिंची चायनाटाउनला उतरा. तिथे हिरवी पाच नंबर पकडा, इशिबाशीकडे जाणारी, आणि ‘ओउरा तेन्शुदो’ थांब्यावर उतरा. थांब्यांना क्रमांक असतात. हा ५० नंबरचा आहे आणि त्यापुढे शेवटचा एकच उरतो.

इथे दोन ठिकाणी माणूस चुकतो. स्टेशनवरून लाल रंगाची तीन नंबरचीही ट्राम त्याच बाजूला जाते, पण ती पुढे वेगळीकडे वळते आणि चायनाटाउनला जातच नाही. दुसरं म्हणजे रोख पैसे देणार असाल तर उतरताना नेमकी रक्कम टाकायची असते, पेटी उरलेले पैसे परत करत नाही. मोड आधीच पेटीशेजारच्या यंत्रातून करून घ्या. तोक्यो-ओसाकाचं सुइका किंवा इकोका कार्ड असेल तर ते चालतं, आणि गाडी बदलताना दुसऱ्यांदा पैसेही कापले जात नाहीत. म्हणजे कार्डच बरं.

८. चढ, तिकीट आणि दाराआधीची पायरी

थांब्यावरून चर्चपर्यंतचा रस्ता दुकानांनी गजबजलेला चढ आहे. दर दहा पावलांवर कास्तेला केकचा तुकडा चाखायला पुढे करतात. येताना चाखा. चर्चचे दरवाजे संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, हिवाळ्यात त्याहून आधी, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास अगोदर. सकाळी साडेआठला उघडतं. शाळांच्या सहलींचे जथे यायच्या आत गेलात तर आत बसायला शांतता मिळते. मोठ्यांचं तिकीट १००० येन, त्यात आवारातलं संग्रहालयही येतं.

तिकीट बघून आईला वाईट वाटलं. “देवळात जायला पैसे?” त्याचं उत्तर पुढे मिस्साच्या भागात आहे.

चढाच्या शेवटी दगडी पायऱ्या आहेत. गुडघ्यांचं दुखणं असेल तर दमादमाने घ्या, कठड्याचा आधार घ्या. वर दारासमोर पांढऱ्या मारियेची मूर्ती दिसेल. तिच्याजवळ थांबून मागे वळून बंदराकडे बघा, दम खायला तेवढंच निमित्त.

९. आत गेल्यावर काय बघायचं

आत फोटो काढायला मनाई आहे. टोपी काढा, मोबाइल बंद करा, बोलणं हळू. बूट काढावे लागत नाहीत. (सोतोमे आणि गोतो बेटांवरच्या जुन्या चर्चमध्ये ते काढावे लागतात, आणि तिथे येतोय म्हणून आधी कळवावंही लागतं.)

हे चर्च पॅरिसच्या मिशन संस्थेतल्या फ्रेंच फादरांनी उभारलं, फुरे यांनी सुरुवात केली आणि पतिजाँ यांनी पूर्ण केलं. १९ फेब्रुवारी १८६५ रोजी ते आशीर्वादित झालं. बांधलं मात्र आमाकुसाच्या कोयामा नावाच्या जपानी सुताराच्या माणसांनी. मान वर करून छताकडे बघा. कमानी दिसायला युरोपच्या दगडी चर्चसारख्या, पण आत बांबूच्या कामट्या आणि वर गिलावा. कुडाच्या भिंती पाहिलेल्या आपल्या माणसाला हे लगेच कळतं. पुढे १८७९पर्यंत ते वाढवून आजच्या आकाराचं केलं. वेदीमागची क्रुसावरील ख्रिस्ताची रंगीत काच बॉम्बच्या धक्क्याने फुटली होती, सध्याची १९५१ची आहे.

आणि उजव्या हाताच्या छोट्या वेदीवरची मारियेची मूर्ती. तिच्यासमोर वेळ द्या.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर १६१४पासून बंदी होती. फादर नाहीत, मिस्सा नाही, चर्च नाही, असं अडीचशे वर्षं. ओउराचं चर्च परदेशी व्यापाऱ्यांसाठी बांधलं गेलं होतं. गावकरी त्याला ‘फ्रेंच देऊळ’ म्हणत आणि कुतूहलाने बघायला येत. १७ मार्च १८६५, शुक्रवार, दुपारची वेळ. उराकामी गावातली काही माणसं दाराशी आली. फादर पतिजाँ त्यांना आत घेऊन गेले आणि प्रार्थनेला गुडघे टेकले. तेव्हा युरी नावाची एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. मग तिने विचारलं, सांता मारियेची मूर्ती कुठे आहे? फादरांनी दाखवली ती हीच मूर्ती. अडीचशे वर्षं त्या लोकांनी आपापल्या घरात धर्म लपवून ठेवला होता.

पुढची बाजू पुस्तिकांत दोन ओळींत उरकतात. ओळख उघड झाल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना धरून देशाच्या कानाकोपऱ्यांत पाठवलं. कित्येक तिथेच मेले. बंदी उठली ती १८७३मध्ये. म्हणजे मी सुरुवातीला ज्याला ‘चुकीचं कॅथेड्रल’ म्हटलं ते उराकामी याच लोकांचं. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी तिथेही जा.

बाहेर आल्यावर आवारातली जुनी सेमिनरी (फादर घडवणारी शाळा) आणि बिशपांचं घर, दोन्ही मिळून आता संग्रहालय आहे. तिथे ‘फुमिए’ बघा. येशू-मारियेची प्रतिमा असलेल्या या पट्टीवर लोकांना पाय द्यायला लावत, जो देणार नाही तो पकडला जाई. प्रतिमा पायांनी झिजून गुळगुळीत झाल्यात.

१०. मिस्सा हवी असेल तर

जुन्या ओउरा चर्चमध्ये आता नेहमीची मिस्सा होत नाही. ते राष्ट्रीय ठेवा आहे, २०१८पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिकीट लागतं ते म्हणूनच. स्थानिक ख्रिस्ती लोकांसाठी जवळच नवं ओउरा चर्च आहे, तिथे जा. उराकामीला मोठी मिस्सा मिळते. स्टेशनजवळ उतरला असाल तर नाकामाची चर्च पायी जाण्याइतकं जवळ आहे. मिस्सा जपानीत असते, पण क्रम आपलाच, त्यामुळे कुठे चाललंय ते कळतं. बायका डोक्यावर पांढरी ओढणी घेतात ते बघून आईला तिची आजी आठवली. वेळा चर्चच्या दारावरच बघून घ्या, सणावाराला त्या बदलतात.

११. भूक लागल्यावर

नागासाकीचं चाम्पोन, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, प्रसिद्ध आहे, पण त्यात डुकराचं मांस आणि मासळी एकत्र असते. शाकाहारी असाल तर ‘भाज्यांचं’ म्हणून मागवलं तरी रस्सा हाडांचाच येतो. सोबत थेपले, चिवडा, लाडू असं काहीतरी ठेवा. कास्तेला केकमध्ये अंडं असतं.

कुठेही बेकरी दिसली आणि भाषा अडली तर एक शब्द हमखास उपयोगी पडतो. पावाला जपानीत ‘पान’ म्हणतात, आपल्या पावासारखाच तो पोर्तुगिजांकडून आलेला. त्यांचा ‘किरिशितान’ आणि आपला किरिस्ताव, दोन्हीही एकाच जहाजातून उतरलेले. आईने दुकानात बोटाने दाखवत “पान, पान” म्हटलं, बाईने दोन गरम लाद्या कागदात बांधून दिल्या, आणि त्या आम्ही ओउराच्या चढाच्या पायथ्याशी बसून कोरड्याच खाल्ल्या.